कर्नाळा : छोटं जंगल, मोठा धडा

रविवारी संध्याकाळची मेस बंद असली की होस्टेलवर एकच प्रश्न, 'कुठे जायचं?' मागच्या हिवाळ्यात आम्ही सहाजण कर्नाळ्याला गेलो. कॅमेरा होता, स्पीकरही होता. दिवसभरात एक धड पक्षी दिसला नाही. का, ते परत आल्यावर वाचताना कळलं.

पनवेलपासून सुमारे १२ किमीवरचं कर्नाळा हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. १९६८ साली जाहीर झालं तेव्हा क्षेत्रफळ जेमतेम साडेचार चौ. किमी होतं, २००३ मध्ये ते १२.११ चौ. किमी झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर, चौरस धरला तर बाजू साडेतीन किमी! मधोमध उभं राहिलं तरी कड पावणेदोन किमीवर. त्यात मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो.

आता 'सिग्नल-टू-नॉइज रेशो' आठवा. दाट झाडीत पक्ष्यांना एकमेकांचा माग आवाजावरच लागतो. जोडीदार, हद्द, धोका, सगळं आवाजावर. पावसाळ्यात शीळ घालणारा कस्तूर काय किंवा इतरांच्या नकला करणारा भृंगराज काय, त्यांचा संसारच या सिग्नलवर चालतो. गाड्यांचा नॉइज आधीच आहे, त्यात आपल्या स्पीकरची भर कशाला?

वर किल्ला आहे. बेसाल्टचा १०० फुटांहून उंच सुळका आणि त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ना पंप, ना पाइप! १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये तो मराठ्यांनी परत जिंकला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण इथून जवळच. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते असं सांगतात.

सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा, धूर, उग्र सेंट काहीही नको. माश्या उठल्या तर गडावर पळायला जागा नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघंच पुन्हा गेलो, स्पीकर रूमवर ठेवून. पक्षी तेव्हाही फारसे दिसले नाहीत. पण ओढ्याकाठी कस्तुराची शीळ ऐकली आणि दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

सिव्हिलवाल्यांनो, उद्या असे रस्ते तुम्हीच आखाल. नकाशावर रेघ मारण्याआधी एकदा तिथे जाऊन गप्प बसा.