शाबासकी नेमकी कशाची?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. एक मुलगा सतत इतरांच्या खोड्या काढतो. ओरडूनही फरक पडत नाही. काय करू?

उत्तर : बाई, तुम्ही ओरडलात की सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो, बहुधा त्याला तेच हवं असतं. मारणं, अपमान करणं तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदच केलंय. तो नीट वागतो ते क्षण टिपा. नुसतं ‘शाब्बास’ नको. जवळ जाऊन हळूच म्हणा, ‘तू तिची पडलेली पेन्सिल उचलून दिलीस, मी पाहिलं.’ पोषण आहाराच्या वेळी ताटं वाटायचं काम त्याला द्या. चांगल्या वागण्याला चांदण्या देणारा भिंतीवरचा तक्ता मात्र मला पटत नाही. मागे पडलेली मुलं त्यावर रोज उघडी पडतात. खोडी काढलीच, तर मधल्या सुट्टीत त्याच्याशी एकांतात बोला.