कर्जदाराची संमती : सारसोळ्यातील एक संवाद

नेरूळच्या वसाहतीने वेढलेले, तरीही पाम बीच मार्गापलीकडच्या खाडीशी आपले जुने नाते टिकवून असलेले गाव म्हणजे सारसोळे. लहान कर्जे देणाऱ्या एका कंपनीत नुकतीच रुजू झालेली भाची आणि सहकारी बँकेच्या कर्जविभागात उभी हयात घालवून निवृत्त झालेली तिची आत्या यांच्यात या गावी झालेला हा संवाद आहे.

भाची : आत्या, काम शिकण्यासाठी परवा मी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर कर्जदार गटाच्या बैठकीला, म्हणजे सेंटर मीटिंगला, बसले होते. बहुतेक मासळी विकणाऱ्या बायका होत्या. प्रत्येकीचे आधार कार्ड पाहिले, फोटो काढला. मग तिच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो तिने वाचून दाखवला आणि टॅबवर ‘संमती प्राप्त’ अशी अक्षरे उमटली. एका मावशींनी विचारले, “हा नंबर कशाला रे?” तो म्हणाला, “कर्ज पुढे सरकायला.” त्यांनी मान डोलावली आणि पुढचीचा नंबर लागला. याला संमती म्हणायचे का?

आत्या : त्या अक्षरांच्या वर मजकूर काय होता, तो वाचलास का?

भाची : वाचला. तिची माहिती कर्जमाहिती कंपन्यांकडून मागवू आणि त्यांना कळवू, असे आधी होते. मग आमच्या सहयोगी संस्था विमा व इतर योजनांसाठी तिच्याशी संपर्क साधतील, असे होते. शेवटी, तिचा फोटो व तिची हकीकत संस्थेच्या प्रसिद्धीसाठी वापरता येईल, असे होते. या सर्वांना मिळून खूण करायची चौकट मात्र एकच.

आत्या : मग दोष त्या चौकटीतच आहे, कारण जी गोष्ट कायद्याने होणारच आहे आणि जी गोष्ट तिने नाकारली तरी कर्जाला काडीचीही बाधा येऊ नये, अशा दोन सर्वस्वी भिन्न जातीच्या गोष्टी तिथे एका दाव्याला बांधल्या आहेत, आणि पहिलीच्या अपरिहार्यतेचा फायदा दुसरीला बिनबोभाट मिळतो आहे.

भाची : पहिली गोष्ट कायद्याने होणारच, म्हणजे कशी?

आत्या : कर्जमाहिती कंपन्यांसंबंधीचा कायदा 2005 सालचा आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या त्याखाली काम करतात. लोक चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात, हा भाग वेगळा. कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने या चौघींचे सभासद होऊन कर्जदारांची माहिती त्यांना कळवावी, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम आहे. तो आला यामागे एक दुःखद इतिहास आहे. 2010 साली आंध्र प्रदेशात एकेका बाईच्या नावावर अनेक संस्थांची कर्जे चढली होती. एकीने काय दिले हे दुसरीला ठाऊक नव्हते, वसुलीचा तगादा असह्य झाला आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्यानंतर नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी 2011 च्या अहवालात ज्या तजविजी सुचवल्या, त्यांत कर्जांची माहिती एकत्र ठेवण्याची तजवीज होती. तेव्हा ही माहिती पुढे जाणे हे मुळात त्या मावशींच्याही हिताचे आहे.

भाची : मग त्यांना विचारायचे तरी कशाला? ‘नाही’ म्हणण्याची सोयच नसेल, तर विचारणे म्हणजे नुसता देखावा.

आत्या : देखावाच, म्हणून तिथे विचारण्याचा आव न आणता सरळ सांगावे. “तुमच्या कर्जाची, हप्त्यांची आणि घरच्या उत्पन्नाची नोंद या चार ठिकाणी जाईल, ती किमान सात वर्षे राहील, हप्ता चुकला तर तेही तिथे दिसेल, आणि वेळेवर फेडलात तर पुढच्या कर्जाला त्याचा उपयोग होईल.” एवढे ऐकून तिला कर्जच नको असे वाटले, तर उठून जाण्याची तिला मोकळीक आहे. तिची खरी निवड तिथे आहे, आणि ती करण्याइतकी माहिती तिला आधी मिळाली पाहिजे. शिवाय हेही सांगावे की प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. त्यात चूक असल्यास तक्रार करता येते. आणि तिचा निकाल 30 दिवसांत लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. ही गोष्ट गटातल्या एखादीला तरी ठाऊक होती का?

भाची : मलाही आजच कळते आहे. पण आत्या, घरच्या उत्पन्नाची नोंद म्हणजे तिच्या नवऱ्याचीही माहिती आली की.

आत्या : आलीच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत आहे त्याला दिलेले विनातारण कर्ज ते सूक्ष्मकर्ज, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे पाहायचे तर सर्वांचीच कर्जे पाहावी लागतात. म्हणून होडीवर गेलेल्या नवऱ्याच्या वतीने बायकोकडून ओटीपी घेऊन भागवू नये. तो किनाऱ्याला येईपर्यंत थांबावे. आणि मोबाइल कोणाचा आहे, हेही बघ. पुष्कळ घरी एकच फोन असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. आकडे मुलगा वाचतो आणि संमती आईच्या नावे जमा होते.

भाची : परवा अगदी तसेच झाले. एका बाईंचा मुलगा दारात उभा राहून आकडे सांगत होता आणि त्या आत मासळी निवडत होत्या.

आत्या : कागदावर न कळता निशाणी करण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दख्खनचा कुणबी सावकाराच्या रोख्यावर नांगराची निशाणी करी, आणि आत किती रक्कम व कोणती शर्त लिहिली आहे हे त्याला पुष्कळदा फिर्याद गुदरल्यावर समजे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा उसळला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरातील रोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी गावनिबंधक नेमण्याची तरतूद झाली. शेतकऱ्याचा दस्तऐवज या निबंधकासमोर झाला तरच तो ग्राह्य. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये समजावून सांगणारा कोणी तिसरा असावा, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

भाची : आता तसा तिसरा कोण आहे?

आत्या : कोणी नाही. म्हणून ते कर्तव्य तुझ्यावर येते, आणि तुझा पगार कर्ज देणाऱ्याकडून येत असल्यामुळे ते अवघड आहे. त्या बायकांना समजणार नाही, ही सबब मात्र कोणी सांगितली तर ऐकू नकोस. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे जाऊन म्हणाल्या, आम्हांला व्याजाचा हिशेब घाला, तोंडी सांगतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुझ्या गटातली बाई रोज पहाटे लिलावात बोली लावते. सरळ भाषेत सांगितले तर आपली माहिती कुठे जाते हे तिला कळणार नाही, असे म्हणणे हा तिचा अपमान आहे.

भाची : मग त्या दुसऱ्या जातीच्या गोष्टींचे काय? विमा आणि फोटो?

आत्या : तिथे खऱ्या अर्थाने विचारावे लागते, प्रत्येक गोष्ट निराळी, आणि नकार दिला तरी कर्ज मंजूर होणार, हे आधी सांगून. फोटोबद्दल तर विशेष. सॅन फ्रान्सिस्कोच्या किवा या संस्थेने 2005 पासून जगभरच्या लहान कर्जदारांचे फोटो आणि हकिकती इंटरनेटवर मांडून दूरदूरच्या माणसांकडून त्यांच्यासाठी पैसा उभा केला. त्यात कर्जदाराची लेखी संमती घेण्याचा शिरस्ता आहे. मार्ग चांगला आहे, पण पाटी डोक्यावर घेतलेली आपली बाई “नवरा दारू पितो, घर मीच चालवते” असे विश्वासाने सांगते, तेव्हा ते वाक्य उद्या तिची मुलगी, विहीण किंवा शेजारीण आपल्या फोनवर वाचू शकेल, हे तिच्या डोळ्यांपुढे असते का? मी तुझ्या जागी असते तर तोच फोटो आणि तोच मजकूर फोनवर उघडून तिच्या हातात दिला असता. मासळी घेणारे गिऱ्हाईक कल्ले उघडून पाहते आणि आपल्या बायका ते पाहू देतात; तेवढी मुभा त्यांनाही मिळावी.

भाची : पण गटात सगळ्यांसमोर विचारले की पहिलीने होकार दिला म्हणजे बाकीच्या माना डोलावतात. हप्त्याला एकमेकींचा आधार असतो. वेगळे पडायला कोणी धजत नाही.

आत्या : म्हणून हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारूच नये. कर्जाची माहिती सर्वांना एकत्र सांग, शंका एकत्र घेऊ दे, कारण चारचौघींत एकीला जे सुचत नाही ते दुसरीला सुचते. पण होकार-नकार एकेकीकडून, बाजूला बसून घे. विचार करायला तिला पुढच्या मीटिंगपर्यंत वेळ दे. आणि गटासमोर थकबाकीदार बाईचे नाव पुकारले जाते तेव्हाही तिची माहितीच उघड होत असते, हे विसरू नकोस. कर्जदाराचे नाव प्रसिद्ध करणे, नातेवाइकांना वा सहकाऱ्यांना सतावणे, सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करणे, हे सगळे 2022 च्या नियमांनी वसुलीतील जुलूम म्हणून मना केले आहे.

भाची : मोबाइलवरची कर्जाची ॲप तर संपूर्ण नंबरांची यादीच उचलतात असे ऐकले.

आत्या : उचलत होती, आणि त्या यादीतल्या माणसांना बदनामीचे संदेश पाठवून कित्येकांचे जिणे हराम केले. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइली व फोटो यांना हात लावण्याची मनाई केली. कॅमेरा किंवा ठिकाण ओळख पटवण्यापुरते एकदाच, तेही स्पष्ट संमतीने. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही कर्जदाराला दिला.

भाची : 2023 चा माहितीसंरक्षणाचा कायदा म्हणतात तो हाच का?

आत्या : नाही, तो निराळा आणि अधिक व्यापक. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे त्यात म्हटले आहे. सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, आणि संमती रीतसर घेतली होती हे वाद पडल्यास कंपनीने सिद्ध करावे, असेही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य कलमे लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. पण चौकट वेगळी करायला मुदत संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

भाची : ते माझ्या हातात नाही ना. टॅबमधला मजकूर वरून येतो.

आत्या : मजकूर वरून येतो, पण तो दाखवण्यापूर्वीचे शब्द तुझे आहेत. एक मराठी कागद तयार कर, मोठ्या अक्षरांत, एका पानाचा. वर जे होणारच ते. खाली फोटो आणि विमा, प्रत्येकापुढे ‘हो’ व ‘नाही’, आणि नंतर मन बदलले तर कोणत्या क्रमांकावर कळवायचे तो क्रमांक. ओटीपी मागण्याआधी तो वाचून दाखव, आणि वाचून झाल्यावर “समजले का?” असे विचारू नकोस, कारण त्याला सगळ्या ‘हो’च म्हणतात, “तुमचा फोटो कुठे दिसेल, मला सांगा बघू” असे विचार.

भाची : आणि एखादीने ‘नाही’वर खूण केली, पण टॅबमध्ये वेगळी चौकटच नसली तर?

आत्या : तर तिचा फोटो प्रसिद्धीच्या फाइलीत जाऊ देऊ नकोस, नकाराची लेखी नोंद शाखेत दे आणि पोच घे. अशा नोंदी साचल्या की वरच्या कचेरीला त्यांचे उत्तर द्यावेच लागते. त्या मावशींकडे मात्र उद्याच जा. त्यांनी ओटीपी कशासाठी ते विचारले होते, आणि त्यांच्या कर्जाचे वाटप अजून झालेले नाही.

भाची : त्या सकाळी बाजारात असतात. दुपारी तीननंतर घरी भेटतील.

आत्या : मग तीननंतर जा, आणि कागदाच्या दोन नकला ने, एक त्यांच्याकडे राहू दे.