दिवाणखान्यात सभागृहाचे स्पीकर

प्रश्न : बारा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यात शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी सभा-समारंभांतील व्यावसायिक स्पीकर घ्यावेत काय?

उत्तर : आपली पृच्छा रास्त आहे. एक वॉट शक्तीवर, एक मीटर अंतरावर, घरगुती स्पीकर साधारणतः 87 डेसिबल ध्वनी देतो, तर व्यावसायिक स्पीकर सुमारे 97. आणि हा 10 डेसिबलांचा फरक भरून काढण्यास दसपट शक्ती खर्ची पडत असल्यामुळे, तबल्याची थाप अकस्मात उसळली तरी व्यावसायिक स्पीकर सहसा दबत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, कमी शक्तीत अधिक ध्वनी देण्याची जी संवेदनक्षमता सभागृहात गुण ठरते तीच घरात ॲम्प्लिफायरची सूक्ष्म खरखर उघडी पाडते. अशा स्पीकरच्या कर्ण्यातून येणारा तार ध्वनी व वूफरचा मंद्र ध्वनी एकजीव होण्यास काही अंतर लागते; ते लहान खोलीत मिळणे कठीण. शिवाय पुष्कळ व्यावसायिक स्पीकरांचा आवाज 50-60 हर्ट्‌झखाली झपाट्याने ओसरत असल्याने सबवूफरची निराळी तजवीज करावी लागते. सबब, आपल्या खोलीच्या मानाने स्टुडिओत वापरतात तसे निकटश्रवणाचे मॉनिटर अधिक उचित. मोठे दालन असते, तर व्यावसायिक स्पीकर बेलाशक घ्या म्हटले असते. खरेदीपूर्वी मात्र परिचित तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण मंद आवाजात अवश्य ऐकून पाहावे.