खुणेचे चित्र

पारगाव नावाची गावे अनेक आहेत. त्यांतली दोन पाहा. एक जुन्नर तालुक्यात, पारगाव तर्फे आळे. दुसरे आंबेगाव तालुक्यात, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. भीमाशंकर साखर कारखाना आहे, ते हे दुसरे. पाकिटावर नुसते 'पारगाव' लिहिले, तर पत्र कुठे जाईल? म्हणून खूण पक्की लागते.

आपल्या भागातली कितीतरी माणसे मुंबईला डबे पोचवायला गेली. हा धंदा 1890 साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केला. पुष्कळांना अक्षरओळख बेताचीच. पण डब्याच्या झाकणावर रंगाने खूण केलेली असते. कोणते स्टेशन, कोणती इमारत, कितवा मजला, सगळे तिच्यावरून कळते. ही खूण कुणी ठरवली? ज्यांना ती वापरायची, त्यांनीच. एवढे ध्यानात ठेवा.

आता कॉम्प्युटर बघा. पडद्यावर बारीक चित्रे दिसतात. मोबाईलवरही दिसतात. त्यांना आयकॉन म्हणतात. आपण चित्रखूण म्हणू. खूण दाबली, की काम सुरू होते.

ही चित्रे काढतात कशी? 1983 साली अमेरिकेत सुसान केअर या बाईंनी मॅकिंतोश कॉम्प्युटरसाठी चित्रखुणा काढल्या. त्यांनी चौकटीच्या कागदाची वही घेतली. आडवी 32 घरे, उभी 32 घरे. एकूण घरे 1024. एकेक घर काळे करायचे, नाहीतर पांढरे ठेवायचे. आपल्या बाया ठिपके मोजून रांगोळी काढतात ना, तसलेच काम.

कॉम्प्युटरचा कारभार पाहणारी एक व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. काही घरोघर पोचल्या आहेत. काही थोडेच लोक वापरतात. 'हायकू' ही त्यांतलीच एक. 2001 साली हौशी मंडळींनी ती बांधायला घेतली. ती फुकट मिळते. तिच्यात घरे भरून चित्र काढीत नाहीत. ठिपके कुठे, रेषा कशी, रंग कोणता, एवढेच नोंदवून ठेवतात. त्यामुळे चित्र मोठे केले, तरी कडा दातेरी होत नाहीत. चित्र काढायचे साधनही तिच्यातच आहे. त्याचे नाव 'आयकॉन-ओ-मॅटिक'. ज्याला हवी, त्याने आपली खूण काढावी.

तुम्ही म्हणाल, तयार खुणा असताना नवी कशाला? तर ऐका. मोबाईलवर झाकणाच्या डब्याचे चित्र असते. तो कचऱ्याचा डबा. अर्थ, 'काढून टाका'. कुणाला तो धान्याचा डबा वाटला तर? 'साठवा' म्हणून त्याने दाबला, तर महिन्याचा दुधाचा हिशोब हातचा जायचा! 'जपून ठेवा' याला फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकडीचे चित्र असते. ती तबकडी आता वापरातून गेली. जिने ती कधी पाहिलीच नाही, तिला काय कळणार? तिचे कागद घरी ट्रंकेत असतात. ट्रंकेचे चित्र तिला लगेच कळेल.

म्हणून खूण काढताना असे करावे:

1. एका खुणेत एकच वस्तू काढा.
2. चित्र अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहा. ओळखू येते का?
3. पाच जणांना दाखवा. अर्थ सांगू नका. 'हे काय?' एवढेच विचारा. पाच उत्तरे आली, तर चित्र बदला.
4. खाली नाव लिहा.

हे चौथे विसरू नका. दुधाचा हिशोब वहीत, उसाचा हिशोबही वहीत. चित्र दोन्हीकडे वहीचेच. कोणती वही कशाची, ते अक्षर सांगते. दोन पारगावांचेही तसेच. चित्र वाट दाखवते, अक्षर खात्री देते. तुम्ही अक्षरे शिकलात. आता दाबण्याआधी खालचे नाव वाचा.

करून पाहा: चौकटीच्या वहीत 'दुधाचा हिशोब' याची खूण काढा. शेजाऱ्याला दाखवा. तो काय म्हणतो, ते लिहून ठेवा.