गरोदरपणात वजन किती वाढावं? आधी सुरुवातीचं वजन बघा

गरोदरपणात वजन दहा-बारा किलोंनी वाढावं, हे आता दिंडोरी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरही ठाऊक झालं आहे. सरासरी म्हणून हा आकडा बरोबर आहे. सगळ्यांना सारखाच लावला की मात्र तो फसवतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या दोघीजणी घ्या. दिवस जाण्यापूर्वी एकीचं वजन ४० किलो, दुसरीचं ६०. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेल्या मर्यादांनुसार पहिलीचं वजन साडेबारा ते अठरा किलोंनी वाढायला हवं, दुसरीचं सात ते साडेअकरा किलोंनी. म्हणजे दोघींचं दहा-दहा किलो वाढलं, तर दुसरीचं योग्य झालं आणि पहिलीचं कमी पडलं. म्हणून किती वाढलं हे विचारण्याआधी सुरुवात किती किलोंवरून झाली, हे विचारा. परदेशी आकडे आपल्या लहान चणीच्या बायकांना कसे लावायचे, असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. ४० किलोच्या बाईने अठरा किलो वाढवण्याचा हट्ट धरायचं कारण नाही. पण जी आधीच अशक्त आहे तिचं वजन अधिक वाढायला हवं, हे सूत्र आपल्याकडेही तितकंच खरं आहे.

या वजनाचा बाळाशी संबंध किती? २०१७ साली तेरा लाखांहून जास्त गरोदरपणांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. वजन कमी वाढलेल्या मातांमध्ये बाळ दिवसांच्या मानाने लहान भरण्याचं आणि बाळंतपण दिवसांआधी होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वजन फार वाढलेल्यांमध्ये मोठं बाळ आणि सिझेरियन यांचं. आपल्या जवळचा पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलोंच्या आसपास, आणि बाळांचं सुमारे २.७ किलो. अडीच किलोंखालच्या बाळाचं अंग लवकर गार पडतं, त्याला जंतुसंसर्ग पटकन होतो, अंगावर ओढायलाही त्याची ताकद कमी पडते. शिवाय या अभ्यासातली बाळं हातापायांनी बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत जास्त टिकून होतं. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट पोटातच सुरू होत असावी, असं मानण्याचं हे एक मोठं कारण आहे.

घरोघरी ऐकू येणारा आक्षेप वेगळाच असतो: जास्त खाल्लं तर मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही; उंची फार कमी असेल तर प्रसूती अडू शकते. पण त्यावर आईला अर्धपोटी ठेवणं हा उपाय नव्हे. नोंदणीच्या वेळी उंची मोजून घ्या आणि बाळंतपण दवाखान्यातच होईल अशी आधीपासून तयारी ठेवा. अशक्त बाईने नीट खाल्लं तर बाळाचं वजन थोडंच वाढतं, ते चार किलोंचं होत नाही. फार मोठी बाळं बहुतेकदा आईचा मधुमेह किंवा स्थूलपणा यांमुळे होतात. म्हणूनच गरोदरपणातली साखरेची तपासणी चुकवू नका, आणि जिचं वजन आधीच जास्त आहे तिला ‘दोन जिवांचं खा’ म्हणून दुप्पट वाढू नका. तिनेही उपास मात्र करू नयेत. गोड, तळलेलं आणि बेकरीचं कमी करावं.

‘आम्ही नववा महिना लागेपर्यंत शेतात राबलो, आमची पोरं झालीच ना?’ हा सासूबाईंचा सवालही रास्त आहे. पोरं झाली, पण किती किलोंची झाली याची नोंद कुठे आहे? पुण्याच्या त्याच अभ्यासात कष्टाचं काम जास्त करणाऱ्या मातांची बाळं वजनाने कमी भरली. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत थिनिंगसारख्या (घडातले मणी विरळ करण्याच्या) कामांना हात वर करून तासन्‌तास उभं राहावं लागतं, त्यात पाटी उचलणं आणि डोक्यावरचं पाणी. मजुरी बुडवा, असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या तीन महिन्यांत ओझं दुसऱ्याने उचलावं, दुपारी तासभर डाव्या कुशीवर पडायला मिळावं आणि फवारणी चालू असलेल्या बागेत तिला पाठवू नये, एवढं घरच्यांना आणि बागवाल्यांना नक्कीच करता येईल.

पौष्टिक खायला पैसा लागतो, हेही खरं. पण पुण्याच्या अभ्यासात बाळाच्या वाढीशी नातं दिसलं ते पालेभाज्या, फळं आणि दूध यांचं. आणि पालेभाज्यांचा गुण सगळ्यात अशक्त मातांमध्ये ठळक दिसला. नागलीची भाकरी, मेथी किंवा अंबाडीची भाजी, उडदाचं वरण, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं आणि कपभर दूध, एवढं तालुक्यातल्या बहुतेक घरांना जमण्यासारखं आहे. आदिवासी क्षेत्रातल्या गावांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण मिळतं. ते तिथेच बसून तिने खावं. डबा घरी आला की तो चौघांत वाटला जातो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका वेळी घेऊ नका; मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.

पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात नाव नोंदवा, म्हणजे सुरुवातीचं वजन आणि उंची माता-बाल संरक्षण कार्डावर येईल. पुढे दर महिन्याला शक्यतो त्याच काट्यावर वजन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून अशक्त बाईचं वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो, जाड बाईचं पाव किलो वाढावं. महिनाभर वजन वाढलंच नाही किंवा उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आठवड्यात एकदम एक किलोहून जास्त वाढलं, तोंडावर सूज आली, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.