क्रॅनबेरी, पाणी आणि बायकांचं दुखणं

१. लघवीची जळजळ ही लाजेची गोष्ट नाही, हे मला चाळिशीनंतर पटलं. जळोचीत आमच्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं, धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. दुखणं पुन:पुन्हा यायला लागलं तेव्हा जावेपाशी बोलले, तर तिचंही तेच. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात कधी ना कधी मूत्रमार्गाचा हा संसर्ग होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि जीव हलका झाला.

२. या दुखण्यावर सुचवली जाणारी क्रॅनबेरी, हे आंबट लाल फळ, जंतूंना मारत नाही, याचं मला फार नवल वाटलं. हा संसर्ग बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूंमुळे होतो. पदराला कुसळं चिकटावीत, तसे ते बारीक तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तराला धरून बसतात. क्रॅनबेरीतली ‘ए’ प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्यं ही पकड बसू देत नाहीत, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे तिचं काम संसर्ग होण्याआधीचं. एकदा जळजळ सुरू झाली की लघवीची तपासणी आणि डॉक्टरांचं औषध हाच मार्ग. थंडी-ताप आला, पाठीत किंवा कुशीत दुखलं, तर एक दिवसही थांबू नये.

३. विज्ञान आपलं मत बदलतं, आणि त्यामुळेच माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात क्रॅनबेरीचा ठोस फायदा दिसला नव्हता. 2023 मध्ये त्याच आढाव्यासाठी 50 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेला आढळला. गरोदर बायका आणि वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं यांच्यात मात्र तसा फायदा दिसला नाही. पाव हिस्सा धोका टळणं थोडं नाही. पण उरलेल्या तीन हिश्शांचं काय, हा प्रश्न मनात राहिला.

४. सगळी आंबट लाल फळं सारखी नसतात. जळोचीच्या बाजारात डाळिंब येतं, पेरू येतो. क्रॅनबेरी मात्र उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जमिनीतली. आपलं करवंद दिसायला तिच्या जवळचं, पण कूळच निराळं. दुकानातल्या सुकवलेल्या क्रॅनबेरीत साखर भरपूर असते. गोळी घ्यायचीच, तर प्रोअँथोसायनिडिन्स किती आहेत ते डबीवर पाहावं. पुष्कळ अभ्यासांत दिवसाला 36 मिलिग्रॅम वापरली आहेत. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

५. साध्या पाण्याची ताकद कळली ती सगळ्यात शेवटी. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या, पाळी अजून न गेलेल्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या 140 बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा.

६. पाणी फुकट असूनही ते पिणं बायकांच्या हातात नसतं. इंदापूरच्या एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका मी पाहते. उसाच्या फडात दिवसभर राबणारीला आडोसाही मिळत नाही. मुंबईत 2011 पासून बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली. तसा आवाज फडापर्यंत आणि एसटी स्टँडपर्यंत पोचायला हवा. आता कुणी मला क्रॅनबेरीच्या गोळीबद्दल विचारलं, की मी आधी विचारते, “तू काम करतेस तिथे पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं बाथरूम आहे का गं?”