तीन सुखें आणि तीन दुःखें : एलिझाबेथकालीन इंग्लंडांतील घरसंसार

विद्यार्थीमित्रहो, पहिल्या एलिझाबेथ राणीची कारकीर्द (१५५८ ते १६०३) हा इंग्लंडच्या वैभवाचा काळ, असें आपण इतिहासांत शिकतों. १५८८ सालीं झालेला स्पॅनिश आरमाराचा पराभव आपणांस पाठ असतो. शेक्सपिअरचें नांव तर सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्याच काळीं तेथील शेतकरी कशावर निजत असे, काय खात असे आणि कोणत्या काळजीनें त्याची झोंप उडत असे, हें परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं. आज आपण तेंच पाहूं.

सुदैवानें या गोष्टींचा एक चांगला साक्षीदार आपणांस लाभला आहे. एसेक्स परगण्यांतील रॅडविंटर गांवीं विल्यम हॅरिसन नांवाचे धर्मोपदेशक होते. त्यांनीं लिहिलेलें इंग्लंडचें वर्णन हॉलिनशेडच्या बखरीबरोबर १५७७ सालीं छापलें गेलें व १५८७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. आपल्या गांवांतील वृद्धांच्या हयातींत कोणते तीन मोठे बदल झाले, हें त्यांनीं त्यांत नमूद करून ठेविलें आहे.

पहिला बदल धुराड्यांचा. पूर्वीं सामान्य घरांत मधल्या दालनांत जमिनीवरच विस्तव पेटवीत आणि धूर छपरांतून वाट काढी. वृद्धांच्या लहानपणीं बहुतेक गांवांत धुराडीं असलींच तर दोन किंवा तीन. पुढें तीं घरोघर झालीं. धुरास स्वतंत्र वाट मिळतांच दालनावर माडी घालतां आली व कुटुंबास निजण्याबसण्यास निराळ्या खोल्या मिळाल्या.

दुसरा बदल अंथरुणाचा. पूर्वीं लोक पेंढ्यावर निजत व उशाला चांगला गोल ओंडका घेत. लग्नानंतर सात वर्षांच्या आंत ज्याला एखादी गादी आणि डोक्याखालीं भुशाची पिशवी विकत घेतां येई, तो स्वतःस गांवच्या जहागिरदाराइतका सुखी समजे. मऊ उशी ही बाळंतिणीची गरज, असा समज होता. नोकरांस वर एक चादर मिळाली तरी पुष्कळ. खालीं कांहीं नसल्यामुळें पेंढ्याच्या काड्या अंगास टोंचत.

तिसरा बदल भांड्यांचा. लाकडी ताटल्या जाऊन कथिलाच्या मिश्रधातूच्या ताटल्या आल्या. लाकडी चमचे जाऊन कथिलाचे किंवा चांदीचे आले.

येथपर्यंत वाचून आपण म्हणाल, किती सुखाचा काळ हा! पण त्याच वृद्धांनीं तीन दुःखेंही सांगितलीं. जमिनीचा खंड भरमसाट वाढला. जेथें पूर्वीं चार पौंड खंड होता, तेथें चाळीस, पन्नास, क्वचित् शंभर पौंड झाला. जमीनदार कुळांस नाना परींनीं छळूं लागले. आणि तिसरें दुःख सावकारी व्याजाचें.

हीं सुखें आणि हीं दुःखें एकाच गांवीं, एकाच काळीं कशीं नांदलीं? ज्याची जमीन टिकली व ज्याच्यापाशीं विकावयास धान्य होतें, त्यास महागाई फायद्याची झाली; त्याच्या घरीं धुराडें आणि पिसांची गादी आली. ज्यास धान्य विकत घ्यावें लागे, तो मजूर मात्र मागेंच राहिला. १५६३ च्या कायद्यानें त्याची मजुरी न्यायाधिकाऱ्यांनीं ठरवावी असें झालें. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यानें पहांटे पांच वाजतां कामावर यावें, सायंकाळीं सात ते आठपर्यंत राबावें, आणि खाण्यापिण्यास व विश्रांतीस दिवसांतून अडीच तासांहून अधिक घेऊं नये, असा नियम होता. श्रीमंतांच्या घरीं गव्हाचा पाव असे. गरिबांस राय किंवा सातू यांवर भागवावें लागे, आणि दुष्काळांत घेवडा, वाटाणे व ओट यांचें, कधीं ओक वृक्षाच्या फळांचेंही पीठ मिसळावें लागे.

१५९४ पासून ओळीनें चार वर्षें पिकें बुडालीं, तेव्हां अनेक ठिकाणीं लोक उपासमारीनें मेले. पुढें १५९८ व १६०१ सालीं कायदे होऊन, प्रत्येक गांवानें कर बसवून आपल्या दुबळ्या गरिबांस पोसावें व धडधाकटांस काम द्यावें, असें ठरलें. ही मदत तुटपुंजी असे, आणि दुसऱ्या गांवच्या गरिबास हांकलून देण्याकडे लोकांचा कल असे. तरी गरिबांचा भार सर्वांनीं वाहावा, ही गोष्ट कायद्यानें मान्य केली, हें लहान पाऊल नव्हे.

मित्रहो, हॅरिसन यांनीं हें सर्व कोठून मिळविलें? पुष्कळसें आपल्याच गांवांतील म्हाताऱ्या माणसांस विचारून, आणि सुखाबरोबर त्यांचें दुःखही लिहून घेऊन. येत्या सुटींत आपणही आपल्या आजीआजोबांजवळ बसा. त्यांच्या हयातींत घरांत कोणत्या तीन गोष्टी सुधारल्या आणि कोणत्या तीन बिघडल्या, हें विचारा व वहींत उतरून ठेवा. मग एक प्रश्न आणखी विचारा : ही सुधारणा गांवांतील कोणाच्या घरीं पोंचली नाहीं? या प्रश्नाच्या उत्तरावांचून कोणत्याही गांवाचा इतिहास पुरा होत नाहीं.